नोटिशीचे नव्वद दिवस

लग्न ठरलेल्या मुलीची आपल्याकडे केळवणं होतात. ती आता या घरातून जाणार, म्हणून तिला चार दिवस गोडाधोडाचं जेवू घालतात. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा नेमकं उलटं येतं. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा आवाज बदलतो. मीटिंगला बोलावणं थांबतं. कालपर्यंत एका डब्यात जेवणारे सहकारी जेवणाची वेळ बदलतात. आणि तरीही रोज सकाळी तीच बस पकडून, त्याच दारातून आत जाऊन, त्याच खुर्चीवर बसावं लागतं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तर तीस, साठ, कधी नव्वद दिवस! या काळाला आपण 'नोटीस पीरिअड' म्हणतो. तो कसा काढावा, याविषयी आज बोलायचं आहे.

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कंपन्यांच्या कर्मचारी विभागात गेली. सुरुवातीला त्या विभागाला 'पर्सोनेल' म्हणत, पुढे 'एचआर' म्हणू लागले. टेबल तेच राहिलं. त्या टेबलावर शेकडो राजीनामे आले. राजीनामा देताना माणूस बहुधा पुढच्या नोकरीचा विचार करतो, मधल्या काळाचा करत नाही. आणि त्रास होतो तो या मधल्या काळातच.

ही मुदत कशासाठी?

मुळात ही मुदत शिक्षा म्हणून आलेली नाही. मालकाने कामगाराला एका रात्रीत रस्त्यावर आणू नये आणि कामगारानेही मालकाचं काम अर्ध्यावर टाकून जाऊ नये, अशी ही दुहेरी सोय आहे. कारखान्यांसाठी १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याखालच्या आदर्श नियमांमध्ये महिन्यावर पगार घेणाऱ्या कायम कामगारासाठी एक महिन्याची नोटीस होती आणि इतरांसाठी दोन आठवड्यांची. नोटीस द्यायची नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा, असाही पर्याय होता. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, विमा कंपन्या यांच्या नेमणूकपत्रांत ही मुदत वाढत वाढत तीन महिन्यांवर गेली. म्हणून पहिलं काम हे की आपलं नेमणूकपत्र कपाटातून काढून शांतपणे वाचावं. किती दिवस लिहिलेत? पगार भरून लवकर सुटता येतं का? शिल्लक रजा त्यात वळती होते का? या प्रश्नांची उत्तरं कँटीनमध्ये नाही, त्या कागदात असतात.

'आम्ही तुम्हाला सोडणारच नाही,' असं एखादे साहेब म्हणतात आणि माणूस घाबरतो. इथे कायदा काय सांगतो ते समजून घेतलं पाहिजे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार, केवळ करार केला आहे म्हणून न्यायालय कुणाला एखाद्याची वैयक्तिक चाकरी करायला लावत नाही. पण याचा अर्थ 'उद्यापासून येत नाही' म्हणून हात झटकता येतात, असा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई मागता येते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. थोडक्यात, जाणं तुमच्या हातात आहे. पण मुदतीआधी गेलात तर त्याची किंमत मोजावी लागू शकते. ती किंमत किती, हे आधी माहीत असलेलं बरं.

माणसं का बदलतात?

कालपर्यंत बरा असलेला साहेब आज असा का वागतो? बहुतेक वेळा तो दुष्ट नसतो. तुमच्या राजीनाम्याने त्याची अडचण झालेली असते. वरचे त्याला विचारणार, 'तुमच्याकडची माणसं का जातात?' जागा भरायला महिने जाणार. शिवाय एकापाठोपाठ आणखी दोघं उठतील, ही धास्ती असतेच.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली यावर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असं त्यांनी मांडलं. एक, बाहेर पडणं. दुसरी, आत राहून बोलणं. निष्ठा असली तर माणूस दुसरी वाट धरतो. आपल्या कार्यालयांमध्ये बोलण्याची वाट बरेचदा बंदच असते. मग बाहेर पडणाऱ्याकडे 'निष्ठा सोडलेला माणूस' म्हणून पाहिलं जातं. तुम्ही फक्त नोकरी बदलत असता. समोरच्याला मात्र तुम्ही घर फोडलंत असं वाटतं.

दुसरं कारण आणखी साधं आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन अभ्यासकाने सहकार्याची घडण तपासण्यासाठी संगणकावर स्पर्धा घेतल्या आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. उद्या पुन्हा गाठ पडणार आहे, हे माहीत असलं की स्वार्थी माणसंही एकमेकांना सांभाळून घेतात. शेवट दिसू लागला की ते बंधन सैल होतं, असा त्यातला विचार आहे. नोटिशीच्या काळात नेमकं हेच होतं. 'आता याचा आपल्याला काय उपयोग?' असा हिशेब नकळत मनात सुरू होतो. आणि हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो, हेही विसरू नये. जाणाराही 'आता माझं काय वाकडं होणार?' म्हणून उशिरा येऊ लागतो, तोडून बोलू लागतो.

हे कारण कळलं म्हणून त्रास थांबत नाही. पण 'माझ्यातच काही खोट आहे का?' हा प्रश्न रात्री छळतो ना, त्याचा जोर कमी होतो.

वाळीत टाकल्यासारखं

नोटिशीतला जाच पाच-सहा ठरावीक प्रकारचा असतो. एक, कामाचा डोंगर: तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत मागायचं. दोन, त्याच्या उलट: काहीच काम द्यायचं नाही, नुसतं बसवून ठेवायचं. तीन, चारचौघांत टोमणे: 'तुम्ही काय बाबा, आता मोठ्या कंपनीतले!' चार, अडवणूक: रजा नाकारायची, सही लांबवायची, शेवटची तारीख पुढे ढकलायची. पाच, आधीच्या चुकांचं खापर जाणाऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. आणि सहावा प्रकार अबोल्याचा.

हा शेवटचा प्रकार वरवर सौम्य वाटतो, पण तोच सगळ्यात खोल लागतो. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. जातपंचायतींच्या बहिष्काराने माणसं इतकी मोडून पडत की २०१६ साली आपल्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो कायदा कार्यालयातल्या अबोल्याला लागू होत नाही, हे उघड आहे. पण जखम त्याच जातीची असते. २००३ साली अमेरिकेत नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. माणसांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून पडद्यावर चेंडू फेकाफेकीचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. एवढ्या क्षुल्लक बहिष्कारानेही, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी निगडित असलेला मेंदूतला एक भाग जागा झाल्याचं दिसलं. मग ज्या माणसांबरोबर आपण आठ वर्षं दिवाळीचा फराळ खाल्ला, त्यांनी तोंड फिरवलं तर किती लागत असेल! तेव्हा 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगावं की बाबा रे, हे लागतंच.

माझ्यावरही एकदा ही पाळी आली. साल २००७. कंपनीचं नाव सांगत नाही. मुलगी दहावीला, घराचं कर्ज चालू, आणि नव्या ठिकाणी 'कार्यमुक्तीचं पत्र आणल्याशिवाय रुजू करून घेणार नाही' अशी अट. राजीनामा दिल्यावर आठवड्याभरात माझं टेबल झेरॉक्स मशीनशेजारी गेलं. फाइली माझ्या हाताखालच्या मुलाकडे गेल्या आणि मला काही विचारायचं नाही, अशी त्याला ताकीद मिळाली. चहाची ट्रे घेऊन फिरणारे मामा तेवढे न चुकता माझ्यापुढे कप ठेवत आणि 'किती दिवस राहिले, साहेब?' असं विचारत. उत्तर द्यायचं म्हणून मी रोज दिवस मोजू लागलो. त्या मोजण्याचाच मला आधार झाला. बेमुदत त्रास आणि मुदतीचा त्रास यांत फार फरक असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडला की डोंगराला पायऱ्या पडतात.

त्या नव्वद दिवसांत मी काही नियम पाळले आणि पुढे माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्यांनाही तेच सांगत आलो. ते आता सांगतो.

सगळं लेखी

राजीनामा तोंडी देऊ नये. त्यात दोनच गोष्टी स्पष्ट असाव्यात: राजीनाम्याची तारीख आणि नेमणूकपत्राप्रमाणे येणारा कामाचा शेवटचा दिवस. कारणांची कहाणी नको, तक्रारींची यादी नको. कागदावर दिलात तर पोच घ्या. ई-मेलने दिलात तर त्याची प्रत जपून ठेवा. शेवटच्या दिवसाची तारीख कंपनीकडूनही लेखी मागून घ्या. ती एकदा कागदावर आली की 'अजून पंधरा दिवस थांबा' म्हणणाऱ्याला उत्तर देणं सोपं जातं.

दुसरा कागद हस्तांतरणाचा. एका तक्त्यात चार रकाने करा: काम कोणतं, कुठवर आलंय, कागद कुठे ठेवलेत, कुणाच्या ताब्यात दिलं. दर शुक्रवारी हा तक्ता साहेबांना आणि एचआरला पाठवा. त्याला उत्तर आलं नाही तरी चालेल. पुढे कुणी 'यांनी काम अर्धवट टाकलं' म्हणालं, तर हाच तक्ता तुमच्या बाजूने उभा राहतो. बसवून ठेवलं असेल, तर त्या रिकाम्या वेळात हेच काम नीट करावं. माझ्या झेरॉक्स मशीनशेजारच्या टेबलावर मी विभागाच्या सगळ्या कामांची टिपणं लिहून काढली. वेळ गेला आणि कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नाही.

कामाचा डोंगर टाकला तर 'होणार नाही' म्हणून भांडू नये. लिहून विचारावं: 'माझे अठरा दिवस उरले आहेत. ही पाच कामं आहेत. त्यांतली कोणती तीन आधी करू?' निवड साहेबांना करू द्यावी. पुष्कळदा या प्रश्नाचं उत्तरच येत नाही आणि डोंगर आपोआप लहान होतो.

तिसरी नोंद स्वतःपुरती. अपमान झाला, धमकी मिळाली, तर त्याच दिवशी घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते लिहून ठेवावं. ही वही कार्यालयाच्या संगणकावर ठेवायची नाही. अशा लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. मनात साचलेलं कागदावर उतरलं की थोडं हलकं होतं, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहेच.

बोलणं मोजकं

कुठे चाललात, पगार किती, का चाललात? नोटिशीत हे तीन प्रश्न दिवसातून दहादा येतात. त्यांचं एकच ठरलेलं उत्तर तयार ठेवावं: 'चांगली संधी आली, म्हणून चाललोय. इथे पुष्कळ शिकलो.' बस्स! पुढचं वाक्य आलं की फाटे फुटतात. तुम्ही एकाला विश्वासाने सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मजलाभर होतं.

टोमण्याला टोमणा नको. आपण बोलून मोकळे होतो, पण तेवढ्याचीच चर्चा पुढे होत राहते. फार झालं तर आवाज न चढवता एवढंच म्हणावं, 'साहेब, कामाबद्दल काही सांगायचं असेल तर मी ऐकतो.' एवढं बोलून गप्प राहावं. समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

जाताना एचआर जी मुलाखत घेतं, तिथे मन मोकळं करावं का? हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतो: दोन-तीन ठोस मुद्दे, माणसाचं नाव न घेता, सुधारणेच्या भाषेत सांगावेत. वर्षानुवर्षांचा राग तिथे ओतला तर त्याची नोंद होते. उपयोग होतोच असं नाही.

पण इथे एक रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. खडूसपणा वेगळा आणि गुन्हा वेगळा. बाईमाणसाला उद्देशून अश्लील बोलणं, नको तो स्पर्श, तसले संदेश हे 'जाऊ दे, थोडेच दिवस उरलेत' म्हणून गिळायचं नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असली पाहिजे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. राजीनामा दिला म्हणून हा हक्क जात नाही. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारसही समिती करू शकते. मारहाणीची धमकी असेल तर पोलीस ठाणं आहे.

हिशेबाची बाजू

रागाच्या भरात माणूस 'नको तुमचे पैसे' म्हणून निघून जातो. असं कधी करू नये. ते पैसे त्यांचे नसतात, तुमचे असतात.

एका तरुणीची गोष्ट सांगतो. तिने राजीनामा दिला तेव्हा नोकरीला पाच वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी होते आणि नोटीस होती नव्वद दिवसांची. चाळिसाव्या दिवशी साहेबांनी चारचौघांत तिच्या कामाची टिंगल केली. ती रडत माझ्याकडे आली: 'सर, मी उद्यापासून येणार नाही.' मी तिला पाणी दिलं आणि कागदावर आकडे मांडले. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं नोकरी लागते. नोटिशीचे दिवस नोकरीतच धरले जातात. तिचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये. त्याला २६ ने भागलं की एका दिवसाचे ८००. वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे १२,०००. पाच वर्षांचे ६०,०००. आणि पाच वर्षं पुरी व्हायला त्या दिवशी बरोबर वीस दिवस उरले होते. पाच वर्षं कशी मोजायची, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा वीस दिवस काढणं केव्हाही स्वस्त. तिने डोळे पुसले, घरी जाऊन आईशी बोलली आणि सगळी मुदत पुरी केली. तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्या पैशांतून झालं, असं तिने नंतर कळवलं.

ग्रॅच्युइटीचा हा हिशेब १९७२ च्या कायद्यापासून चालत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतही पंधरा दिवस आणि २६ चा भाग हेच सूत्र आहे. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. कमाल मर्यादा २० लाख रुपयांची आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षाच्या नोकरीनंतरही ही रक्कम मिळू शकते. शिवाय भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग वेतनात धरायचा, असा नवा नियम आहे. तेव्हा हिशेब जुन्या पद्धतीने केला की नव्या, ते विचारून घ्या. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी.

वेतनाबद्दलही मोठा बदल झाला आहे. 'हिशेब दीड महिन्याने मिळेल' असं म्हणायची अनेक कंपन्यांची सवय होती. वेतन संहितेने आता नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायला सांगितलं आहे, आणि राजीनामाही त्यात येतो.

भविष्यनिर्वाह निधीचा एक बारीक मुद्दा. कंपनीने तुमच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदवावी लागते. राग धरून किंवा आळसाने ती राहून जाते आणि पुढचं काम अडतं. २०२० पासून, शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर सदस्याला स्वतःच ती तारीख ऑनलाइन नोंदवता येते. तेव्हा त्यासाठी जुन्या साहेबांच्या मिनतवाऱ्या करायची गरज उरलेली नाही. पैसे काढण्यापेक्षा नव्या खात्यात वळते करावेत, म्हणजे पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची नोकरी तुटत नाही.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर मधल्या दिवसांची सोय आधी करा. पगाराच्या पावत्या, करकपातीचे कागद, वाढीची पत्रं हे सगळं ई-मेल खातं बंद होण्याआधी घरी आणा. मात्र फक्त आपलेच कागद! ग्राहकांची यादी, आराखडे, कंपनीची माहिती यांतलं काहीही उचलू नका. ज्याला तुमच्यावर खोट काढायची आहे, त्याच्या हाती तुम्ही आपणहून काठी द्याल.

कधी थांबू नये

हे सगळं सांगितल्यावर असं वाटेल की काहीही झालं तरी शेवटचा दिवस गाठलाच पाहिजे. तसं मुळीच नाही. झोप पूर्ण उडाली, छातीत धडधडतं, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, जगणं नकोसं वाटतं, अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टर. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, आपल्या भाषेत बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा रक्तदाब नोटिशीच्या काळात सारखा वर जाऊ लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, उरलेल्या पस्तीस दिवसांपैकी शिल्लक रजेचे दिवस वजा करून बाकीच्या दिवसांचा पगार भरण्याची लेखी तयारी दाखवली. कंपनीने खळखळ केली आणि मग मान्य केलं. त्यांचे पैसे गेले, पण कार्यमुक्तीचं पत्र हातात पडलं आणि तब्येतही सावरली. मधेच निघायचं तर असं निघावं: कळवून, हिशेब मांडून, लेखी संमती घेऊन. न सांगता गायब होणं हा मार्ग नव्हे. तसं केलं की दोष ज्याचा होता त्याचा राहत नाही, तुमचा होतो.

घरच्यांनाही यात घ्यावं. 'त्यांना कशाला ताप?' म्हणून माणूस गप्प राहतो आणि मग मुलांवर खेकसतो. बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना सरळ सांगावं की अमुक तारखेपर्यंत मी जरा वैतागलेला असेन, सांभाळून घ्या. तारीख कळली की घरही मोजायला लागतं.

आता दोन शब्द मागे राहणाऱ्यांसाठी आणि साहेबांसाठी. जाणाऱ्याशी आपण कसं वागतो, हे बाकीचे सगळे बारकाईने पाहत असतात. उद्या आपली पाळी आली तर आपलं काय होईल, हे ते त्यावरून ठरवतात. एकाला छळून तुम्ही चौघांना थांबवत नाही; त्या चौघांना गुपचूप दुसरी नोकरी शोधायला लावता. आणि सहकाऱ्यांनो, साहेबांच्या नजरेला भिऊन तोंड फिरवण्याआधी एवढाच विचार करा, 'काय, कसं चाललंय?' म्हणायला किती धाडस लागतं? फारसं नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा साठ सेकंद गार पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यांत पाणी अगदी किंचित कोमट होत गेलं. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा निवडला, म्हणजे जास्त वेळ चाललेला! शेवट थोडा सुसह्य झाला की सगळी आठवण बदलते. म्हणून शेवटचा आठवडा स्वतःसाठी बरा करावा. ज्यांनी कधीकाळी मदत केली त्या दोन-चार जणांना वेगळं भेटून आभार मानावेत. निरोपाचं पत्र चार ओळींचं असावं, त्यात टोमणा नसावा. निरोप समारंभ झाला नाही तर वाईट वाटून घेऊ नये.

आणि ओळखपत्र, लॅपटॉप, कपाटाची किल्ली परत केलीत की त्याची पावती घ्या. तारीख घालून, सहीसकट. मग खुशाल घरी जा.